शेवटचं गाणं माझं

४ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या आयुष्यातला उमेदीचा काळ नेमका कोणी लिहून ठेवत नाही आणि पुढे लोकांना अंदाज बांधत बसावं लागतं. माझ्या बाबतीत तसं होऊ नये. अर्थात ही वही कोणीही वाचायची नाही. हिने तर नाहीच नाही.

घटना अशी. आमच्या हौशी गायक मंडळाची सभा डेंटिस्ट बाईंच्या दवाखान्यात झाली. पेशंट संपले की वेटिंग रूम आपलीच. चोवीस तारखेला, रविवारी, गाण्यांचा कार्यक्रम करायचा ठरला. संयोजक कोण होणार, असा प्रश्न निघाला आणि सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले. मी हात वर केला. एकमताने निवड झाली. मंडळातले इस्टेट एजंट म्हणाले, सुटलो बुवा! माझ्यावर केवढा विश्वास.

विश्वास अनाठायी नाही. वेळापत्रक बनवणं हेच माझं पोटापाण्याचं काम. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कुठला मेकॅनिक कधी, कुठल्या बिल्डिंगला जाणार ते मी ठरवतो. तक्रारीचे फोनही मीच घेतो. लोक आत अडकलेले असतात, ओरडत असतात, पण माझा आवाज कधी चढत नाही.

मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. महिनाअखेरीला बाबा दादाकडे राहायला जाणार, ते कायमचे. आम्ही दोघंही दिवसभर कामावर, दादा रिटायर होऊन घरी बसलेला. गाडीने जायचं तर दिवस मोडतो इतकं त्याचं गाव लांब.

लहानपणी आमच्याकडे गाणी व्हायची. बाबा पेटी वाजवायचे, दादा गायचा. मी पुढे सरकलो की बाबा म्हणायचे, तू नावं सांग. म्हणजे ‘आता माझा दादा अमुक अमुक गाणं म्हणेल’ एवढं बोलायचं आणि कडेला बसायचं. एकदा नाव सांगून झाल्यावर मी स्वतःच गायला लागलो, तर बाबांनी पेटीचा भाता मिटला. मला त्याचं काही वाटत नाही. इतकी वर्षं झाली, आठवतसुद्धा नाही. निळा शर्ट होता माझा, वरून दुसरं बटण तुटलेलं.

चोवीस तारखेला बाबा पहिल्या रांगेत असतील आणि मी गाईन. त्यांचं आवडतं गाणं, दादा गायचा तेच. नाव इथेही लिहीत नाही. सरप्राइज आहे.

५ मार्च

संकल्प. उद्यापासून पहाटे रियाज. थंड पाणी बंद. आईस्क्रीम बंद. ऑफिसात कमी बोलणे. कोणाशी वाद न घालणे.

जेवणानंतर: हिने आईस्क्रीम आणलं होतं. संकल्प उद्यापासून आहे, त्यामुळे आज नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. हिच्याशी त्यावरून वाद घातला. तोही आजच संपवलेला बरा.

७ मार्च, गुरुवार

पहाटे उठलो. म्हणजे जाग आली. पण पलीकडच्या खोलीत बाबा. गायलो असतो तर सरप्राइज तिथेच फुटलं असतं, म्हणून मन मारून पुन्हा झोपलो. कालही असंच झालं.

पण आज मार्ग सापडला! जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरलो, दोन मजल्यांच्या मध्ये स्टॉपचं बटण दाबलं आणि तोंड उघडलं. काय आवाज! चारही बाजूंना स्टील. एक ओळ म्हटली की ती भिंतींना लागून भरघोस होऊन परत येते. माझ्याच अंगावर काटा आला. हे बाबांनी ऐकलं की संपलंच. मला त्यांनी काही कबूल वगैरे करायला नको. नुसतं ‘वा’ म्हटलं तरी चालेल.

दार उघडलं तर बाहेर चार-पाच जण ताटकळत उभे. चेहऱ्यावर भाव होते. एक बाई मोबाइल कानाला लावून होती. मला वाटलं, कोणाला तरी ऐकवतेय. तिने तक्रार विभागाला फोन लावला होता, असं नंतर कळलं. तो विभाग म्हणजे मीच, आणि मी जागेवर नव्हतो.

१० मार्च, रविवार

दवाखान्यात पुन्हा सभा. कोणी कितव्या नंबरला गायचं यावर घमासान. प्रत्येकाला सुरुवातीला गायचं आहे! डेंटिस्ट बाईंना लवकर घरी जायचं असतं. एजंट म्हणाले, माझं पहिल्या पाचात नसेल तर मी येतच नाही. नवरा-बायकोची एक जोडी तर दोघांच्या मधल्या खुर्चीवर पर्स ठेवून बसली होती, कारण तिचा नंबर त्याच्या आधी आला होता.

यांना एवढंही कळू नये, की मोठा गायक नेहमी शेवटी गातो? आधी बाकीच्यांनी बैठक तापवायची, मग खरा माणूस येतो. मी शांतपणे सगळ्यांना हवे ते नंबर देऊन टाकले आणि म्हटलं, शेवटचं गाणं माझं.

डेंटिस्ट बाई म्हणाल्या, बघा हं, नक्की ना? माझ्या त्यागाने त्या गलबलल्या होत्या.

१२ मार्च

हॉल बघून आलो. एका शाळेच्या मागच्या बाजूला आहे, भिंतींना पोपटी रंग, स्टेजवर ब्लॅकबोर्ड. केअरटेकर म्हणजे सडपातळ गृहस्थ, कमरेला किल्ल्या. म्हणाले, आठ म्हणजे आठ. आठला मी मेन स्विच बंद करतो. मी हसून म्हटलं, गाणं रंगलं तर तुम्हीच म्हणाल, चालू द्या. ते म्हणाले, नाही म्हणणार.

रसिक दिसत नाहीत. पण ऐकल्यावर बदलतील.

१४ मार्च

ऑफिसात साहेबांनी बोलावलं. लिफ्ट मध्येच अडकते, आतून आवाज येतात, अशा तक्रारी फार झाल्यात. आवाज कसले ते साहेबांना माहीत नव्हतं. मीही संकल्पाप्रमाणे कमी बोललो. ठरलं असं, की आपल्या देखभालीतल्या सगळ्या लिफ्टमधलं स्टॉपचं बटण काढून तिथे चकती बसवायची. कामाचं वेळापत्रक मीच करायचं. केलं. आमच्या स्वतःच्या बिल्डिंगचा नंबर सर्वांत आधी लावला. ओळखीचा एवढा तरी उपयोग शेजाऱ्यांना व्हायला हवा.

आता रियाज कुठे करायचा, हा प्रश्न आहे. पण आवाज एकदा लागला की लागला. तो काही जात नाही.

१६ मार्च, शनिवार

बाबांना रीतसर आमंत्रण दिलं. ते खिडकीशी बसून चष्मा पुसत होते. म्हणाले, कसला कार्यक्रम? म्हटलं, गाण्यांचा. म्हणाले, कोण गाणार? म्हटलं, बरेच जण. म्हणाले, दादा येणार आहे का? मी म्हटलं, नाही, दादा नाही. थोडा वेळ चष्माच पुसत राहिले. मग म्हणाले, येईन की. किती वेळ बसायचं?

मी म्हटलं, बाबा, शेवटपर्यंत बसा. काही झालं तरी शेवटपर्यंत.

‘शेवटपर्यंत’ म्हणताना माझा आवाज चिरकला. थंड पाणी प्यायलो म्हणून असेल. उद्यापासून नक्की बंद.

१९ मार्च

मंडळाच्या ग्रुपवर कडक सूचना टाकली. प्रत्येकाने आपल्या गाण्याचा ट्रॅक, म्हणजे मागचं संगीत, आधी पाठवायचं. मागच्या वर्षी लोकांनी तीन-तीन ट्रॅक पाठवले आणि ऐन वेळी म्हणाले हा नाही, तो. या वेळी शिस्त. लिहिलं: ‘फक्त फायनल ट्रॅक पाठवा. फाइलचं नावही फायनल असंच ठेवा, म्हणजे घोळ होणार नाही.’

सगळ्यांनी पाळली! एकजात सगळ्या फाइल ‘फायनल’. इतकं सुंदर दिसत होतं पेन ड्राइव्हमध्ये. साउंडवाल्याला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, साहेब, यातलं कोणाचं कुठलं? मी म्हटलं, वाजवलं की कळेल.

२१ मार्च, गुरुवार

निवेदन लिहून पूर्ण. प्रत्येक गाण्याच्या आधी त्या गाण्याबद्दल, गायकाबद्दल, ऋतूबद्दल, जमल्यास आयुष्याबद्दल चार शब्द. नुसती गाणी एकामागून एक म्हटली तर बाजार वाटतो. निवेदक बाहेरचा आणणार होतो, पण घरात सोय असताना कशाला? मीच करणार.

हिला वेळापत्रक दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, अहो, गाण्यांचा वेळ धरलाय, पण तुमच्या बोलण्याचा कुठे धरलाय? मी म्हटलं, निवेदन ही वेगळी गोष्ट नसते, ती गाण्यात विरघळते. ती म्हणाली, मग एक करा ना, तुमचं गाणं आधी घ्या. बाबांना एवढा वेळ बसवत नाही. म्हणून टाका पहिल्यांदा आणि मोकळे व्हा.

म्हणून टाका! एवढी वर्षं संसार केला, पण गाण्यातलं काही कळत नाही. पहिल्यांदा गायला उभा राहिलो, तर नाव कोण सांगणार? पहिल्यांदा मी नावंच सांगायची असतात. असं काहीतरी डोक्यात आलं. ते सोडून दिलं.

२३ मार्च

आवाज बसलाय. निवेदनाची तालीम मोठ्याने करत होतो, त्यामुळे. गाण्याची तालीम केलीच नाही, त्यामुळे तो भाग ताजा आहे. हिने गरम पाणी आणून दिलं. बाबा दारात उभे राहून म्हणाले, खोकला झालाय का रे? मी म्हटलं, नाही, तयारी. म्हणाले, अच्छा.

उद्या या वेळी सगळं झालेलं असेल.

२४ मार्च, रविवार, सकाळ

उठलो. आवाज आहे. इस्त्रीचा शर्ट निळा निघाला. मुद्दाम नाही, वरचाच तो होता.

दुपार, हॉलमधून

खुर्च्या एकमेकींत अडकवून ठेवलेल्या. त्या सोडवायला मंडळातलं कोणीही नाही. डेंटिस्ट बाईंचा मेसेज: थेट माझ्या गाण्याच्या वेळेला येते. एजंटांचा मेसेज: पार्टीला फ्लॅट दाखवून येतो. मी आणि ही दोघांनीच खुर्च्या लावल्या. बाबांना गाडीतून उतरवून पहिल्या रांगेत बसवलं, पाठीशी उशी. ही त्यांच्या शेजारी. बाबांनी मागे वळून पाहिलं आणि विचारलं, लोक?

येतायत, म्हटलं.

विंगेतून

सुरुवात व्हायला उशीर झाला. मान्य. पण लोक येईपर्यंत थांबणं हे संयोजकाचं कर्तव्य आहे, आणि लोक आल्यावर प्रास्ताविक करणंही. प्रास्ताविक छान झालं. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या तेव्हा मी अर्ध्यात होतो, तरी थांबलो नाही.

एजंट आले, गायले, गेले! सोबत आणलेली बायको, मेहुणा, मेहुण्याची मुलं, सगळी एक रांगच उठून गेली. दोन गाणी उरकून, टाळ्या थांबायच्या आत. मी विंगेतून हाताने खूण केली, बसा, बसा. त्यांनीही हात हलवला, चला, येतो.

पुन्हा विंगेतून

घोळ. साउंडवाल्याला कोणाचा ट्रॅक कुठला ते सापडत नाही. डेंटिस्ट बाईंचं संथ गाणं, आणि वाजलं काय तर नाचाचं. बाई माइक हातात घेऊन थिजल्या. तो एक फायनल वाजवतो, सगळे मानेने नाही म्हणतात, मग दुसरा फायनल. तेवढा वेळ रिकामा जाऊ नये म्हणून मी पुढे होऊन पावसाळा आणि मानवी मन यावर बोललो. शेवटी ट्रॅक सापडला, पण माझा मुद्दा तेव्हाच रंगात आला होता, तो मध्येच कसा तोडणार?

बाई गायल्या. छान गायल्या, लिहायला हरकत नाही. मग नवऱ्याला घेऊन निघून गेल्या. जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, तुम्ही आहात ना शेवटपर्यंत? मी म्हटलं, म्हणजे काय.

हॉल रिकामा होतोय. ज्याचं गाणं होतं त्याच्या घरचं कोणीतरी त्याच क्षणी आजारी पडतं.

विंगेतून, घाईत

बाबा उठले! कोणाचं तरी गाणं चालू होतं, मला नावही आठवेना इतका गोंधळलो. बाबा काठी टेकत मागच्या दाराकडे निघाले, ही त्यांचा हात धरून. गेले. बसवत नसेल. चूक माझी नाही, त्या एजंटाने दोन गाणी घेतली.

आले परत! बाथरूमला गेले होते. पुन्हा उशी नीट केली, बसले. माझे डोळे भरून आले. ते प्रत्येकासाठी टाळ्या वाजवतायत, एकसारख्या, चांगल्याला आणि वाइटालाही.

केअरटेकर स्विचबोर्डापाशी येऊन उभे राहिलेत. किल्ल्या वाजवतायत. अजून तीन गाणी आहेत, मग मी. निवेदन आटोपशीर करायला हवं. करतोच.

विंगेतून

नाही झालं आटोपशीर. त्या नवरा-बायकोच्या जोडीबद्दल दोन शब्द बोलायला गेलो, संसार आणि सूर, असा विषय. ते दोघं, वेळ वाचावा म्हणून एकदमच बोलावलेले, तोवर स्टेजवर उभे, एकमेकांकडे न बघता.

आता माझ्या आधी कोणी नाही. हॉलमध्ये बाबा, ही, साउंडवाला, केअरटेकर आणि मागे एक अनोळखी माणूस, बहुधा झोपलेला. घड्याळ बघत नाही. जातो.

घरी आल्यावर

लिहून टाकतो, नाहीतर उद्या मला वेगळंच आठवेल.

स्टेजवर गेलो. माझं नाव सांगायला कोणी नव्हतं, म्हणून ते मीच सांगितलं. नुसतं नाव सांगून लगेच गाणं कसं सुरू करायचं? म्हटलं, या गाण्यामागे एक घर आहे, एक पेटी आहे. बाबा मान वर करून बघत होते. ही हाताने खुणावत होती, गा, गा. मला वाटलं, वा म्हणतेय. केअरटेकरांनी बोट वर केलं. मी साउंडवाल्याला खूण केली. वाजला डेंटिस्ट बाईंचा ट्रॅक. मग एजंटांचा. मग माझा.

माझ्या ट्रॅकला सुरुवातीला मोठा वाजवायचा तुकडा आहे, आधी बासरी, मग व्हायोलिनं. मीच मुद्दाम तसा निवडला होता. म्हटलं, लोक सावरून बसतील. तो तुकडा संपत आला. मी डोळे मिटले, श्वास भरून घेतला, तोंड उघडलं.

तेवढ्यात खटकन आवाज झाला. मेन स्विच. संगीत गेलं, माइक गेला, दिवे गेले. तोंड उघडंच होतं, पण त्यातून काही आलं नाही. अंधारात मला पहिली ओळच सुचेना. लिफ्टमध्येही अंधुकच असायचं, तिथे आठवायची.

मग पहिल्या रांगेतून टाळ्या आल्या. दोनच हातांच्या. बाबा म्हणाले, झालं का रे?

मी म्हटलं, झालं.

२५ मार्च, सोमवार

इतका ढिसाळ कार्यक्रम मी आयुष्यात पाहिला नाही. वेळेचं भान नाही, प्रेक्षकांचा पत्ता नाही, ट्रॅकचा घोळ, एकेकाला बोलायला माइक दिला की तो सोडत नाही. संयोजकाला जाब विचारायला हवा. संयोजक मी होतो, पण तो तांत्रिक भाग झाला. साउंडवाल्याने फाइलना नीट नावं द्यायला हवी होती. एजंट स्वार्थी. डेंटिस्ट बाई स्वार्थी. केअरटेकर दगड.

साउंडवाल्याने अख्ख्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं. ही भांडी आवरताना ऐकत होती. म्हणाली, अहो, यात सगळ्यात जास्त तुम्हीच आहात. बरं वाटलं. निदान घरात तरी कोणीतरी दखल घेतली. थोड्या वेळाने लक्षात आलं, की ती कौतुक करत नव्हती.

आता सरळ उपाय. शनिवारी दादा न्यायला येतोय. त्याआधी घरातच, बाबांसमोर बसून, नुसतं गाणं. निवेदन नाही, माइक नाही, ट्रॅक नाही. उद्याच.

२६ मार्च

बाबा लवकर झोपले.

२७ मार्च

वरच्या मजल्यावर ड्रिल चालू. अशा वातावरणात सूर लागत नाही.

२८ मार्च

बाबांच्या खोलीत गेलो. ते म्हणाले, काय रे? मी म्हटलं, काही नाही, पंखा जोरात आहे का? म्हणाले, नाही. मी तरी कमी केला.

२९ मार्च, शुक्रवार

सामानाची बांधाबांध. पेटी दादाकडे पाठवायची, असं ठरलं. बाबांनी भाता उघडून एकदा दाबून पाहिला. सूर निघाला. माझ्याकडे बघितलं. नेमकं त्याच वेळी मला दोरी आणायची होती. आणायला गेलो. परत आलो तेव्हा पेटी चादरीत गुंडाळून झाली होती.

आज वाईट वाटलं. दुसरं काही नाही, वाईटच वाटलं.

उद्याचं ठरलंय, आणि या वेळी पक्कं. दादा आणि ही सामान घेऊन आधी खाली जातील. बाबांना घेऊन मी मागून लिफ्टने. दोघंच. आवाज तर तिथे लागतोच. दोन मजल्यांच्या मध्ये स्टॉपचं बटण दाबायचं आणि गायचं. पूर्ण गाणं, शेवटच्या कडव्यापर्यंत. खाली दादा थांबेल की. इतकी वर्षं मी थांबलोय.

३० मार्च, शनिवार

सगळं ठरल्याप्रमाणे. दादा आणि ही पेटी-बॅगा घेऊन उतरले. मी बाबांना लिफ्टमध्ये घेतलं, दार लागलं, तळमजला दाबला. मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, म्हण ना रे. त्या दिवशी राहिलं तुझं.

म्हणजे त्यांना माहीत होतं.

मी स्टॉपच्या बटणाकडे हात नेला. तिथे चकती होती. गोल, स्टीलची, चार स्क्रू मारून पक्की केलेली. आमच्याच मेकॅनिकने. मीच पाठवलेल्या.

लिफ्ट उतरत होती. बाबा वाट बघत होते, मान एका बाजूला कलती करून, पेटीवर बसल्यावर करायचे तशी. मी घसा साफ केला. म्हटलं, बाबा, आता मी जे गाणं म्हणणार आहे, ते आपल्या घरात पहिल्यांदा... सवयच लागली आहे जिभेला. थांबवायला गेलो तरी थांबेना. कोणाचं गाणं, कोणाची चाल, दादाने कधी म्हटलं, बाहेरच्या खोलीत कोण कोण बसलं होतं, सगळं सांगून झालं. मग श्वास भरून घेतला, आणि दार उघडलं. समोर दादा उभा. त्याने बाबांचा हात धरला.

बाहेर पाऊल टाकताना बाबा वळले, माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हणाले, नावं तू पहिल्यापासून छान सांगतोस. दादाचं गाणं लोक ऐकायचे ते तू आधी सगळ्यांना गप्प बसवायचास म्हणून. आणि गाडीकडे गेले.

गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिलो. मागच्या काचेतून चादरीत गुंडाळलेली पेटी दिसत होती. मग ही आणि मी लिफ्टमध्ये शिरलो. तिने विचारलं, म्हटलंत का गाणं?

मी म्हटलं, लिफ्ट फार फास्ट आहे. सोमवारी मेकॅनिकला बघायला सांगतो.

तिने बटण दाबलं. आमचा मजला यायला खूप वेळ लागला.